चिकाचं कूळ

टेरेबिंथचं झाड कोल्हापुरात उगवत नाही. तरी त्याचा माग काढायचा तर आधी कोल्हापूर गाठायचं, असं माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळत होतं. ग्रीस, सायप्रस, तुर्कस्तान, सीरिया इथल्या खडकाळ, कोरड्या उतारांवर हे झाड वाढतं. उंची बेताची, पानं एकाच देठावर जोडीजोडीनं लागलेली, फळं मिरीपेक्षा जराशी मोठी, आधी लाल आणि मग निळसर होत जाणारी. खोडाला खाच दिली की सुगंधी, दाटसर चीक पाझरतो आणि हवेवर हळूहळू घट्ट होतो. वनस्पतिशास्त्रात त्याला पिस्टासिया टेरेबिंथस म्हणतात. आपला त्याच्याशी कधी संबंध आला नाही, त्यामुळे त्याला मराठी नावही पडलं नाही. पण त्याचं ग्रीक नाव मात्र आपल्या घराघरांत येऊन गेलेलं आहे. दारं-खिडक्या रंगवताना रंगारी ज्या डब्यातलं पाण्यासारखं पातळ तेल रंगात ओततो, त्या डब्यावर हेच नाव असतं. टर्पेंटाइन म्हणजे टेरेबिंथचं, एवढाच त्या शब्दाचा मूळ अर्थ.

महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी कोल्हापूरला उतरलो. चैत्र संपत आला होता. जोतिबाची यात्रा होऊन गेली होती, पण वडापच्या जीपांच्या टपांवरचा गुलाल अजून निघाला नव्हता. उन्हानं नऊ वाजताच आपला इरादा जाहीर केला होता. चहा घेऊन तडक मंगळवार पेठेत गेलो. तिथं माझा एक चित्रकार मित्र राहतो. त्याचा स्टुडिओ म्हणजे जुन्या घराची माडी. जिन्याच्या चौथ्या-पाचव्या पायरीवरच वास गाठतो. खाली जवसाच्या तेलाचा जड वास आणि त्याच्यावर तरंगणारा, नाकात सरळ घुसणारा टर्पेंटाइनचा.

कोल्हापूरला कलापूर म्हणतात, त्यातला निम्मा भाग या वासाचा आहे. आबालाल रहिमान, दत्तोबा दळवी, बाबूराव पेंटर, रवींद्र मेस्त्री अशी इथली परंपरा. बाबूरावांना बाहेरचं जग १९२०च्या ‘सैरंध्री’मुळे आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीमुळे ओळखतं. कोल्हापूर मात्र त्यांच्या नावातला पेंटर विसरत नाही.

मित्र एका तैलचित्राचा पहिला हात देत होता. पितळी वाटीत टर्पेंटाइन, पॅलेटवर गेरूसारखा रंग, आणि रुंद ब्रशनं कॅनव्हासवर पातळ पातळ फटकारे. सुरुवातीच्या थरात टर्पेंटाइन जास्त, वरच्या थरांत तेल जास्त, हा तैलरंगाचा पहिला पाठ. टर्पेंटाइन उडून जातं. जवसाचं तेल उडत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन हळूहळू घट्ट होतं. खालचा थर तेलकट ठेवला आणि वरचा लवकर वाळला, तर काही वर्षांनी चित्राला भेगा पडतात. म्हणजे टर्पेंटाइन घालायचं ते उडून जाण्यासाठीच.

“हे कुठल्या झाडाचं?” मी विचारलं.

“पाइनचं. बाटलीवर लिहिलंय की.”

“पण नाव पाइनचं नाही.”

“मग कुणाचं?” त्यानं ब्रश फडक्याला पुसला. कोल्हापूरचा माणूस गोष्ट ऐकायची असली की हातातलं काम बाजूला ठेवतो.

मी सांगायला घेतलं. ग्रीक लोक या झाडाला आधी तेर्मिंथोस आणि नंतर तेरेबिंथोस म्हणत. त्याचा चीक म्हणजे तेरेबिंथिने. रोमनांनी त्याचं तेरेबिंथिना केलं, फ्रेंचांनी ते तोंडात घोळवून आखूड केलं, इंग्रजांनी आणखी वळवलं आणि आपल्या रंगाऱ्यांनी टर्पिन म्हणून मोकळं केलं. पण हा शब्द मुळात ग्रीकांचाही नाही. ‘इंथ’ हे शेपूट ग्रीक भाषेच्या आधी एजियन समुद्राकाठी जी माणसं राहत होती, त्यांच्या बोलीतलं असावं असं भाषातज्ज्ञ मानतात. कोरिंथ हे गावाचं नाव, हायसिंथ हे फुलाचं, लॅबिरिंथ म्हणजे भुलभुलैया, ही सगळी त्याच शेपटाची मंडळी. त्या माणसांची भाषा गेली. गावाचं, फुलाचं आणि झाडाचं नाव नव्यानं आलेल्यांनी ठेवून घेतलं, कारण ती वस्तू त्यांना तिथंच प्रथम भेटली होती.

“आणि एवढं जपून ठेवण्यासारखं काय होतं त्यात?”

होतं. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर उलुबुरुन नावाच्या टोकाजवळ एक जहाज बुडालं, त्याला आता सुमारे ३३०० वर्षं झाली. १९८२ साली समुद्रातले स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्याला ते सापडलं आणि १९८४ ते १९९४ अशी दहा वर्षं त्याचं उत्खनन चाललं. जहाजात सुमारे दहा टन तांबं होतं, एक टन कथील होतं, काचेच्या लगडी होत्या, हस्तिदंत होता. आणि दीडशेच्या आसपास रांजण होते, त्यांतल्या बहुतेकांत टेरेबिंथची राळ होती. तांब्या-कथलाच्या जोडीनं जिची वाहतूक होते, ती वस्तू किरकोळ नव्हे. ही राळ धुपात जाई, औषधात जाई, दारू आंबू नये म्हणून तिच्यात जाई. इराणमध्ये हाज्जी फिरूझ इथं सापडलेल्या सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या मडक्याच्या तळाशी द्राक्षाच्या दारूबरोबर याच जातीच्या राळेचा अंश मिळाला. डायोस्कोरिडीस हा पहिल्या शतकातला ग्रीक वैद्य. त्यानं सगळ्या राळांत पहिला मान टेरेबिंथच्या राळेला दिला आणि पाइनला मागच्या रांगेत बसवलं.

मित्रानं वाटीकडं बघितलं. “म्हणजे पुढं मागच्या रांगेतलाच पहिला झाला.”

अगदी तसंच झालं. टेरेबिंथचं एक झाड वर्षाला चीक देतं तो थोडासा, आणि गिऱ्हाइकं वाढत गेली. मग युरोपात लार्च नावाच्या झाडाचा चीक व्हेनिसचं टर्पेंटाइन म्हणून खपू लागला. त्यानंतर पाइन आलं. आपल्याकडं हिमालयाच्या उतारावरचं चीड. तिकडं त्याच्या चिकाला लीसा म्हणतात. लीसा भट्टीत चढवला की वाफेतून उतरतं ते टर्पेंटाइन आणि तळाशी राहते ती काचेसारखी ठिसूळ, पिवळी राळ, म्हणजे रोझिन.

दुपारी लक्ष्मीपुरीत एका रंगाच्या दुकानात शिरलो. टर्पेंटाइन मागितलं. दुकानदारानं चष्म्यावरून बघितलं.

“कुठलं पायजे? रंगात वतायचं का चित्राचं?”

“फरक काय त्यात, काका?”

“चित्राचं झाडाचं असतंय. हे दगडी तेलाचं. रंगाऱ्यांस्नी हेच लागतंय, सस्तात पडतंय.”

दगडी तेलाचं म्हणजे खनिज तेलाचं. व्यापारी भाषेत मिनरल टर्पेंटाइन. त्याचा झाडाशी, झाडाच्या चिकाशी, डोंगराशी कसलाही संबंध नाही. ते पेट्रोलच्या कारखान्यातून येतं. टेरेबिंथकडून लार्चकडं, लार्चकडून पाइनकडं, पाइनकडून तेलाच्या विहिरीकडं असं ते नाव चालत आलं आणि वाटेत एकदाही बदललं नाही. कारण गिऱ्हाइकाला वस्तू हवी असते ती कामासाठी, आणि नाव असतं ते कामाचं. डब्यातलं काय बदललं याची खबर नावाला नसते.

आपल्याकडंही हे घडलंच आहे. दुसऱ्या दिवशी गुजरीतून जाताना एका कारागिराच्या समोर थबकलो. तो चांदीच्या पत्र्यावर उठावाचं काम करत होता. पत्र्याखाली काळपट थर होता. शेगडीवर जरा ऊब दिली की तो मऊ होई, पत्रा त्यात बसे, आणि थंड झाला की घट्ट धरून ठेवी. बोथट छिन्नीचे बारीक ठोके पडत, तसा थर दाबला जाई, पण पत्रा फाटत नसे. “राळ हाय, विटंची पूड घालून शिजीवल्याली,” तो म्हणाला. राळ हा आपला जुना शब्द, मूळचा साल वृक्षाच्या चिकाचा. संस्कृतात सर्जरस. आता बाजारात राळ मागितली की बरेचदा हातात पडतं ते चीडचं रोझिन. म्हणजे माडीवरच्या चित्रकाराच्या वाटीत चिकाचा उडणारा भाग होता आणि गुजरीतल्या कारागिराच्या पत्र्याखाली तळाशी उरणारा.

भाऊसिंगजी रोडवर सीपीआर हॉस्पिटलच्या समोर टाऊन हॉलची दगडी, टोकदार कमानींची इमारत आहे. १८७० च्या दशकात ती उभी राहिली. नवा राजवाडा ज्यांनी आखला त्या चार्ल्स मँट यांचंच हे काम. आत कोल्हापूरचं वस्तुसंग्रहालय आहे. इथल्या चित्रकारांची चित्रं भिंतींवर आहेत, पण मला बघायचा होता तो समुद्राचा देव.

पंचगंगेच्या काठावर ब्रह्मपुरी नावाची टेकडी आहे. १९४० च्या दशकात तिथं ब्राँझच्या वस्तूंचा साठा सापडला. मग १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी रीतसर उत्खनन केलं. सातवाहनांच्या काळातलं गाव वर आलं. ब्राँझच्या साठ्यात रोमन घडणीची भांडी निघाली, आरसा निघाला आणि पोसायडनची एक मूर्ती निघाली. मूर्ती लहानशी. उघडं अंग, दाढी, एका पायावर टेकलेला भार, एक हात वर उचललेला. त्या हातात कधीकाळी त्रिशूळ असणार. शरीराचे स्नायू इतके सुबक आहेत की काचेपलीकडूनसुद्धा बोट फिरवावंसं वाटतं. समुद्रापासून घाटानं तोडलेल्या या गावात ग्रीकांचा समुद्रदेव कुणी आणला, व्यापाऱ्यानं की हौशी श्रीमंतानं, याचा हिशेब त्या हातात नाही. पण भूमध्य समुद्राकडचा माल पंचगंगेच्या काठापर्यंत येत होता, एवढं तो उभ्या उभ्या सांगतो.

त्याच काळातली ‘पेरिप्लस’ नावाची एक ग्रीक पुस्तिका आहे. लाल समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंत कुठल्या बंदरात काय विकावं आणि काय घ्यावं, याची ती व्यापाऱ्यांसाठी लिहिलेली वही. तिच्यात पैठण आणि तेर ही गावं येतात. तिथला माल गाड्यांवरून भरूचला जाई. भरूचला बाहेरून येणाऱ्या मालाची यादी तिच्यात आहे: इटलीची दारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं. त्याच यादीत स्टोरॅक्स आहे. स्टोरॅक्स म्हणजे टेरेबिंथच्याच मुलखातल्या दुसऱ्या एका झाडाचा सुगंधी चीक. आणि भरूचहून बाहेर जाणाऱ्या मालात आपला गुग्गुळ आहे. एका बंदरात एक राळ उतरत होती आणि दुसरी चढत होती.

स्टोरॅक्स आपल्याकडं आला आणि इथं त्याला नवं नाव मिळालं. सिल्ह, सिल्हक, आणि पुढं बाजारात शिलारस. अमरकोशानं त्याची आणखी दोन नावं नोंदवली आहेत: तुरुष्क आणि यावन. तुर्कांकडचा तो तुरुष्क, यवनांकडचा तो यावन. झाड कुणी पाहिलेलं नव्हतं. आणणारा माणूस तेवढा पाहिला होता, म्हणून चिकाला माणसाचं नाव पडलं. गंमत म्हणजे अमरकोशात यावनाच्या लगेच पुढं सरल वृक्षाच्या, म्हणजे चीडच्या, चिकाची नावं येतात. श्रीवास, श्रीवेष्ट, सरलद्रव. टर्पेंटाइन ज्यातून निघतं त्याला इतके देखणे शब्द आपल्याकडं तयार होते. पण बाटली इंग्रजांनी आणली, आणि बाटली ज्याची नाव त्याचं.

टाऊन हॉलमधून चालत महाद्वार रोडला आलो. या भागात काष्ठौषधींची जुनी दुकानं आहेत. लाकडी खणांची भिंत, प्रत्येक खणावर खडूनं लिहिलेलं नाव, मधे गादी, गादीवर तराजू. आत पाऊल टाकलं की एकही वास वेगळा काढता येत नाही. माझी यादी लहान होती. शिलारस मागितला, तर दुकानदारानं काळपट मधासारख्या द्रवाची बाटली दाखवली. “उदबत्तीवाले नेत्यात,” म्हणाला. मग रूमी मस्तकी मागितली.

“हाय, पर थोडीच हाय. तोळ्यावर देतो. कशाला पायजे?”

“बघायला.”

त्यानं माझ्याकडं जरा संशयानं पाहिलं आणि डबी उघडली. आत फिकट पिवळे, अर्धपारदर्शक, मोत्याएवढे थेंब. ही टेरेबिंथची सख्खी बहीण, पिस्टासिया लेंटिस्कस. ग्रीसच्या किऑस बेटाच्या दक्षिण भागात हिची लागवड होते. तिथल्या गावांना मस्तकीची गावंच म्हणतात. उन्हाळ्यात झाडाखालची जमीन झाडून तिच्यावर पांढरी माती पसरतात, खोडाला बारीक खाचा देतात आणि खाली ठिबकलेले थेंब गोळा करतात. चौदाव्या शतकापासून दोनशेहून अधिक वर्षं जिनोआच्या व्यापाऱ्यांनी या बेटावर मांड ठोकली, त्यामागं हा चीकही होता. २०१४ साली युनेस्कोनं या लागवडीच्या ज्ञानाला मानवजातीच्या अमूर्त वारशात जागा दिली. दुकानदारानं एक थेंब माझ्या हातावर ठेवला. तोंडात टाकला. आधी खडीसाखरेसारखा फुटला आणि मग एकदम मऊ, चिवट झाला. चव कडसर, थंड, आणि मागून तोच माडीवरचा वास. आपण रूमी म्हणतो, कारण अरबांच्या आणि इराण्यांच्या लेखी तो सगळा मुलूख रूमचा. इथंही आणणाऱ्याच्या तोंडचं नाव चिकटलं.

तेवढ्यात एक बाई आल्या. लेक बाळंतीण होती आणि त्यांना गुटीचं सामान हवं होतं. दुकानदारानं सवयीनं हात चालवला. हळकुंड, वेखंड, सुंठ, जायफळ, मायफळ, मुरुडशेंग, डिकेमाली, जेष्ठमध, अतिविष, हिरडा, बेहडा, नागरमोथा. शेवटी एका खणातून त्यानं तपकिरी, वाकडी, पोकळ शिंगं काढली. काकडशिंगी.

“दोन वेढेच उगाळायचे बरं का मावशी, जास्त न्हाई,” दुकानदार म्हणाला.

“चार पोरं वाढवलीत मी,” मावशी म्हणाल्या.

मी एक शिंग मागून घेतलं. लांबीला बोटभर, टोकाला वळलेलं, कागदासारखं हलकं. मोडलं तर आत भुशासारखी धूळ. ती धूळ म्हणजे किड्यांच्या वस्तीचं उरलंसुरलं. काकडशिंगी हे फळ नव्हे, मूळ नव्हे. हिमालयात टेरेबिंथची आणखी एक बहीण वाढते, पिस्टासिया इंटेजेरिमा. मावा जातीचे कीटक तिच्या पानांवर घर करतात, झाड त्यांच्याभोवती गाठ वाढवतं आणि ती गाठ शिंगासारखी होते. खुद्द टेरेबिंथवरही अशीच शिंगं येतात, तीही मावा जातीच्या किड्यांमुळेच. संस्कृतानं तिला खेकड्याचं शिंग म्हटलं, कर्कटशृंगी. स्पॅनिश लोकांनी टेरेबिंथच्या झाडालाच कॉर्निकाब्रा म्हटलं, म्हणजे शेळीचं शिंग. दोघांनी एकमेकांना विचारलेलं नाही.

या बहिणींतली चौथी तर आपल्या ओळखीची. पिस्ता. अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर आलेल्या ग्रीकांनी बॅक्ट्रियात आणि इकडं पिस्त्याचं झाड पाहिलं, आणि त्यांच्याकडं त्यासाठी शब्द नव्हता. थिओफ्रास्टस या वनस्पतींच्या अभ्यासकानं त्यांच्याकडून ऐकून लिहून ठेवलं की हिंदुस्थानात टेरेबिंथसारखं एक झाड आहे, पानं-फांद्या अगदी तशाच, फक्त फळ बदामासारखं. म्हणजे शब्दाशब्दात पाहिलं तर टेरेबिंथ हे नाव तेवीसशे वर्षांपूर्वी एकदा हिंदुस्थानाच्या झाडाला लागून गेलेलं आहे.

अंबाबाईच्या देवळात संध्याकाळी गेलो. महाद्वारातून आत शिरलं की धुपाचा वास दगडातूनच येतो असं वाटतं. कोल्हापूरकरांना वज्रलेप हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. अंबाबाईच्या मूर्तीची झीज, जुना वज्रलेप आणि २०१५ साली पुरातत्त्व खात्यानं केलेलं रासायनिक संवर्धन, यावर या गावानं चहाच्या टपऱ्यांवर वर्षानुवर्षं वाद घातला आहे. वज्रलेपाची जुनी कृती सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त आहे. कच्चं टेंभुर्णीचं फळ, कच्चं कवठ, सावरीची फुलं असं बरंच काही पाण्यात आटवून काढा करायचा आणि त्यात घालायची ती यादी वाचण्यासारखी आहे. श्रीवासक, म्हणजे चीडचा चीक. गुग्गुळ. कुंदरू. सर्जरस, म्हणजे राळ. आणि जवस. एवढी यादी वाचली आणि मला मंगळवार पेठेतली माडी आठवली. चीडचा चीक आणि जवस. चित्रकाराच्या पॅलेटवरचा जोडाच तिथं देवाच्या मूर्तीसाठी बसलेला. त्याच यादीत बिब्बा आहे, आणि माझं पुढचं पाऊल त्या बिब्ब्यानं ठरवलं.

कारण टेरेबिंथ, मस्तकी, पिस्ता आणि काकडशिंगीचं झाड ज्या कुळातली, त्याच कुळात बिब्बा येतो. त्याच कुळात काजू येतो, ज्याच्या बिया आजऱ्या-चंदगडकडं भाजतात आणि ज्याच्या टरफलातलं तेल हाताची कातडी सोलवटतं. आणि त्या कुळाला वनस्पतिशास्त्राच्या मराठी पुस्तकांत ज्याचं नाव दिलेलं आहे, तो आंबा.

राधानगरीच्या रस्त्याला मित्राच्या ओळखीचं एक मळ्यातलं घर आहे. उसाच्या फडाच्या बांधावर रायवळ आंब्याचं जुनं झाड. घरच्या आजी कैऱ्या उतरवून घेत होत्या, लोणच्यासाठी. पोरगा झेल्यानं तोडत होता आणि त्या देठ मोडून एकेक कैरी गवतावर पालथी घालत होत्या. देठाच्या तुटक्या टोकातून पाण्यासारखा चीक सरकन उडे, मग थेंब थेंब गळे. मी एक कैरी उचलली, देठ मोडला आणि नाकाशी धरली. माडीवरचा वास. रंगाच्या डब्याचा, मस्तकीच्या थेंबाचा तोच वास, फक्त आंबट हिरवेपणा घालून.

यात चमत्कार नाही, रसायन आहे. कैरीच्या चिकात आणि टर्पेंटाइनमध्ये एकाच जातीची उडून जाणारी द्रव्यं असतात. लिंबाच्या सालीतही तीच असतात. त्यांना टर्पीन म्हणतात. हे नाव १८६६ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ केकुले यानं टर्पेंटाइनवरून पाडलं. म्हणजे एजियन समुद्राकाठच्या अज्ञात माणसांचा एक शब्द आता प्रयोगशाळेत आंब्याच्या वासालाही लागू पडतो.

“तोंडाजवळ नका धरू ते,” आजी म्हणाल्या. “चीक लागला तर ओठ उततील. बिबवा उततो तसं.” बिब्बा आणि कैरी त्यांनी एका वाक्यात बसवली. वनस्पतिशास्त्रालाही तेच म्हणायला ग्रंथ लिहावे लागले.

“या चिकाचं काही करत नाही का, आजी?”

“काय करायचं? गाळून टाकायचा. न्हाईतर लोणचं कडू हुतंय, कैरी काळी पडती.”

परतताना गाडीत मी मित्राला म्हटलं, एकाच कुळाचा चीक. तिकडच्या लोकांनी तो रांजणात भरून जहाजांवर चढवला, त्याच्यासाठी बेट ताब्यात ठेवलं, आणि त्याचं नाव झाडं बदलत बदलत आपल्या रंगाच्या डब्यापर्यंत आलं. आपण फळ धरलं आणि चीक पुसून टाकला. म्हणून आंब्याचं नाव फळाच्या वाटेनं जगभर गेलं. आणि त्याच्या चिकाला आपण चीक यापलीकडं काही म्हटलं नाही. नाव गुणामुळे मिळत नाही, गिऱ्हाइकामुळे मिळतं.

मित्र म्हणाला, “आणि आजींचं गिऱ्हाईक कोण?”

लोणचं, मी म्हटलं, आणि त्यांनी बांधून दिलेल्या कैऱ्यांची पिशवी पायाशी सरळ केली. त्यांचे देठ आजींनी आधीच मोडून, गाळून, पुसून दिले होते.